थंडीत रिसॉर्टचा पूल गार पडतो: पाहुण्यांच्या तक्रारी आणि त्यावरचे खरे उपाय

दिवाळीची सुट्टी सरते, हवा कोरडी होते आणि महाबळेश्वर, पाचगणी, लोणावळा, इगतपुरी, भंडारदरा या पट्ट्यातल्या रिसॉर्टांच्या रिसेप्शनवर एकच तक्रार सुरू होते: "पाण्यात पाय घालवत नाही हो!" मुलांना पूलचं आमिष दाखवून आणलेलं असतं, पूल आहे म्हणूनच खोलीचे दोन पैसे जास्त मोजलेले असतात. पाहुणा चिडतो त्यात त्याचं काहीच चुकत नाही. यावर बहुतेक ठिकाणी दोन ठरलेली उत्तरं मिळतात. एक, "थंडीत असंच असतं, सर." दुसरं, "हीटर लावलाय, तासाभरात होईल." पहिलं ऐकून पाहुण्याचं डोकं फिरतं आणि दुसरं तासाभरात खोटं पडतं. पूलचं पाणी तासात तापत नाही, त्याला दिवस लागतात. हे गणित मालक, मॅनेजर आणि पूल सांभाळणारा मुलगा, तिघांनाही पाठ हवं.

तासाला पाव अंश

१२ मीटर लांब, ६ मीटर रुंद आणि सरासरी १.२ मीटर खोल असा मध्यम पूल धरू. पाण्याचा पृष्ठभाग ७२ चौरस मीटर, पाणी सुमारे ८६ हजार लिटर. हजार लिटर पाणी १ अंश सेल्सिअसने तापवायला १.१६ युनिट (किलोवॅट-तास) उष्णता लागते. म्हणजे हा पूल एका अंशाने तापवायचा तर १०० युनिट. डिसेंबरात सकाळी पाणी १९ अंशावर असेल आणि ते २८ वर न्यायचं असेल, तर ९०० युनिट उष्णता त्यात ओतावी लागते.

समजा ३५ किलोवॅटचा हीट पंप, म्हणजे हवेतली उष्णता पाण्यात टाकणारं मशीन, बसवलेला आहे. त्याच्या पाटीवरचा आकडा सहसा २७ अंशांच्या दमट हवेतला असतो. घाटमाथ्यावरच्या थंडीत तो २८ किलोवॅटच्या आसपासच देतो असं धरून चाला. म्हणजे तासाला पाव अंशाहून किंचित जास्त. शनिवारी सकाळी नऊला मशीन लावलं आणि पाहुणे एकला पाण्यात उतरले, तर पाणी जेमतेम १ अंश वाढलेलं असतं. तेवढं कुणाच्या अंगाला कळतही नाही. पूर्ण ९ अंशांना ३२ तास लागतात, शिवाय तेवढ्या वेळात रात्री जी उष्णता उडून जाते ती वेगळी. म्हणून शुक्रवारी संध्याकाळच्या गर्दीसाठी मशीन बुधवारी सकाळीच लागलं पाहिजे आणि रात्रंदिवस चाललं पाहिजे.

याच हिशेबाने काही घरगुती उपाय आपोआप बाद होतात. सोलरच्या टाकीतलं ६० अंशांचं २ हजार लिटर पाणी पूलमध्ये सोडलं, तर तापमान एक अंशसुद्धा वाढत नाही आणि संध्याकाळी खोल्यांना आंघोळीचं पाणी उरत नाही. बादलीत घालायचे इलेक्ट्रिक रॉड पूलमध्ये सोडणं म्हणजे सरळ जिवाशी खेळ आहे. तो विचारही करू नये.

आधी उष्णता जाते कुठून ते बघा

उघड्या पूलमधली सर्वात जास्त उष्णता बाष्पीभवनाने जाते. एक लिटर पाणी वाफ होऊन उडालं की जाताना साधारण ०.६७ युनिट उष्णता घेऊन जातं. १.२ मीटर सरासरी खोलीच्या पूलमध्ये, मग त्याची लांबी-रुंदी कितीही असो, पातळी नुसत्या बाष्पीभवनाने १ मिलिमीटर उतरली की पाणी जवळपास अर्धा अंश गार झालेलं असतं. गरम केलेल्या, न झाकलेल्या पूलमधून थंड कोरड्या रात्री ४ ते ५ मिलिमीटर सहज उडतं. म्हणजे २ ते अडीच अंश केवळ वाफेत गेले. निरभ्र आभाळाकडे आणि गार हवेत जाणारी उष्णता धरली, तर सकाळपर्यंत ३ अंशांचा फटका. पहाटे पाण्यावर तरंगणारी जी वाफ पाहुणे हौसेने फोटोत टिपतात, ती तुमच्या बिलातूनच उडत असते.

पातळी गळतीने उतरतेय की बाष्पीभवनाने, हे ओळखायला बादली पुरते. पूलच्या पहिल्या-दुसऱ्या पायरीवर बादली ठेवायची. तिच्यातलं पाणी बाहेरच्या पातळीइतकंच भरायचं, आतून-बाहेरून मार्करने खूण करायची, पंप आणि पाणी भरणारा फ्लोट बंद ठेवून २४ तास थांबायचं. दोन्हीकडे सारखंच उतरलं तर ते बाष्पीभवन. पूल बादलीपेक्षा जास्त उतरला तर कुठेतरी गळतंय, आणि त्याच्या जागी रोज गार पाणी भरलं जातंय. असा पूल कितीही तापवा, तापणार नाही.

सावलीचा हिशेबही एकदा करून घ्या. महाबळेश्वरच्या अक्षांशावर मे महिन्याच्या मध्याला दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो. २२ डिसेंबरला मात्र तो भर दुपारीही दक्षिणेकडे कललेला, क्षितिजापासून जेमतेम ४९ अंशांवर असतो. पूलच्या दक्षिणेला १० मीटर उंच इमारत असेल, तर तिची सावली दुपारी बारालाही सुमारे पावणेनऊ मीटर पडते. उन्हाळ्यात लख्ख उन्हात न्हाणारा पूल डिसेंबरात दिवसभर सावलीत असतो, तो यामुळे. दिवसभर ऊन मिळालं तर या मापाचा पूल अंदाजे २ अंश कमावतो; सावलीतल्या पूलला ते मिळत नाही. इमारत हलवता येत नाही, पण दक्षिणेकडच्या झाडांच्या फांद्या ऑक्टोबरात छाटता येतात. वाऱ्याच्या बाजूला मात्र झाडी हवी. झाडी नसेल तर बांबूच्या तट्ट्या किंवा दाट विणीचं शेडनेट माणसाच्या उंचीहून थोडं वर बांधा. वारा अडला की बाष्पीभवन लगेच कमी होतं, आणि पाण्यातून बाहेर आलेला माणूसही कमी काकडतो.

कव्हर

हीटरच्या आधी कव्हर घ्या. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या मार्गदर्शनानुसार कव्हर वापरल्याने पूल तापवण्याचा खर्च ५० ते ७० टक्के कमी होतो. आपल्या उदाहरणात रोजचे ३०० युनिट उष्णतेचे नुकसान १५० वर आलं तरी हीट पंपाची वीज (१ युनिट विजेत ४ युनिट उष्णता धरून) ७५ युनिटांवरून ३८ वर येते. युनिटला १२ रुपये धरले तर रोजचे साधारण ४५० रुपये वाचतात. हीटर अजिबात नसेल तरी कव्हरने रात्रीची घसरण निम्म्याने रोखली जाते, आणि उन्हातल्या पूलला दोन-तीन अंशांचा फायदा त्यातूनच मिळू शकतो.

४०० ते ५०० मायक्रॉनचं बबल कव्हर पुरतं. फुगे पाण्याच्या बाजूला, सपाट बाजू वर. उलटं टाकलेलं कव्हर बऱ्याच ठिकाणी दिसतं. ते पाण्याला नीट चिकटत नाही. रोलर त्याच वेळी घ्या. ७२ चौरस मीटरचं ओलं कव्हर दोन माणसांना हाताने ओढवत नाही, आणि मग आठवड्याभरात ते कोपऱ्यात पडतं. पूल वेड्यावाकड्या आकाराचा असेल तर दोन-तीन तुकडे करून घ्या.

सूर्य मावळायच्या आत कव्हर घातलं पाहिजे, कारण अंधार पडला की हवा पाण्यापेक्षा झपाट्याने गार होते. सकाळी ऊन पाण्यावर आल्याशिवाय काढू नका. दुपारी सगळे जेवायला गेले की पारदर्शक कव्हर पुन्हा टाकलं तरी चालतं, ऊन त्यातून आत जातं. काढलेलं कव्हर रोलरवर गुंडाळून उन्हात ठेवलं तर थरांच्या मधे उष्णता साठते आणि फुगे फुटतात. वर पांढरी ताडपत्री घाला. शॉक क्लोरिन (क्लोरिनचा एकदम मोठा डोस) केल्यावर क्लोरिन ३ पीपीएमच्या (दहा लाख भागांत ३ भाग) खाली येईपर्यंत कव्हर टाकू नका, नाहीतर ते काही महिन्यांत ठिसूळ होऊन तुकडे सोडायला लागतं.

यात एक गोष्ट जिवावरची आहे. बबल कव्हर माणसाचं वजन पेलत नाही. अंधारात मुलाला ती जमीन वाटू शकते, आणि खाली गेलेलं मूल वरून दिसत नाही. कव्हर असेल तेव्हा पूलचं फाटक कुलूपबंद. पोहणारे आत असताना अर्धं कव्हर ठेवायचं नाही. एकतर पूर्ण बाहेर, नाहीतर पूर्ण पसरलेलं.

इन्फिनिटी पूल आणि धबधबे

कडेवरून पाणी सांडणारा पूल दरीच्या फोटोत सुंदर दिसतो, पण भिंतीवरून पातळ थरात उतरणारं पाणी बशीत ओतलेल्या चहासारखं निवतं. संध्याकाळी सातनंतर ओव्हरफ्लो, कारंजी, धबधबा, मुलांची घसरगुंडी, सगळं बंद. फिल्टरचा पंप चालू ठेवायचा असेल तर त्याचं सक्शन बॅलन्सिंग टँकवरून (सांडलेलं पाणी जमतं त्या टाकीवरून) काढून तळाच्या मेन ड्रेनवर वळवा, म्हणजे कडेवरून पाणी सांडत नाही. त्यासाठीचे व्हॉल्व्ह कोणते, कुठल्या दिशेला फिरवायचे, हे प्लांट रूमच्या भिंतीवर रंगाने लिहून ठेवा. रात्रपाळीला रोज तोच माणूस असेल असं नाही.

हीट पंप बसवताना आणि चालवताना

हीट पंप हवेतली उष्णता उचलून पाण्यात टाकतो. १ युनिट वीज घेऊन थंडीतही ४ युनिटांच्या आसपास उष्णता देतो, म्हणून पूलसाठी तो साध्या इलेक्ट्रिक हीटरपेक्षा कितीतरी परवडतो. वरचे ९०० युनिट त्याला २२५ युनिट विजेत जमतात. हवा जितकी उबदार तितकं त्याचं काम स्वस्त. त्यामुळे एकदा पाणी २८ वर आलं की रोजची भरपाई सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच या वेळात करून घ्या. पहाटे, हवा ५-६ अंशांवर असताना चालवलं तर कॉइलवर बर्फ धरतो आणि मशीनचा वेळ तो वितळवण्यातच जातो.

मशीन बंद प्लांट रूममध्ये कोंडू नका. त्याने फेकलेली गार हवा तोच परत ओढतो आणि तासाभरात त्याचा दम संपतो. हवा ओढण्याच्या बाजूला किमान अर्धा मीटर आणि फेकण्याच्या बाजूला दोन-अडीच मीटर मोकळी जागा हवी. पाइपचा क्रम असा: पंप, फिल्टर, हीट पंप, आणि सगळ्यात शेवटी क्लोरिन. हीट पंप आणि क्लोरिनच्या मधे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटं न जाऊ देणारा). टीसीसीएच्या (क्लोरिनच्या) गोळ्या स्किमरच्या, म्हणजे पृष्ठभागावरचा कचरा ओढणाऱ्या तोंडाच्या, जाळीत टाकण्याची सवय मोडा. गोळी विरघळून झालेलं तीव्र आम्लयुक्त पाणी थेट हीटरमधून जातं आणि आतली धातू खातं. एक्स्चेंजर (मशीनमधला पाण्याला उष्णता देणारा भाग) टायटॅनियमचाच मागा. बोअरचं पाणी जड असेल तर गरम होताना त्यात क्षार बसतात, म्हणून पीएच ७.२ ते ७.६ मधे धरून ठेवा. गरम पाणी क्लोरिनही जास्त खातं. गार पाण्यात पुरणारा डोस २८ अंशांना पुरेलच असं नाही, रोज दोनदा तपासा.

"मशीन चालतंय पण गरम येत नाही" ही पूल सांभाळणाऱ्या मुलाची नेहमीची तक्रार. बहुतेक वेळा मशीन ठीक असतं. तासाला २० हजार लिटर पाणी २८ किलोवॅटच्या मशीनमधून गेलं तर ते फक्त १.२ अंशांनी वाढून बाहेर येतं. इनलेटवर (पाणी पूलमध्ये परत येतं त्या तोंडावर) हात धरला तर काहीच कळणार नाही. आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या पाइपवर थर्मामीटर लावा आणि फरक बघा. फरक १ ते २ अंश असेल तर मशीनला दोष देऊ नका. फरक ३-४ वर गेला तर पाणी कमी वाहतंय: बायपास (मशीन टाळून जाणारी वाट) जास्त उघडा आहे किंवा फिल्टर भरलाय. मशीन स्क्रीनवर फ्लोची एरर दाखवून बंद पडत असेल तर आधी फिल्टरच्या पंपाचा टायमर बघा. उन्हाळ्यात वीज वाचवायला तो सहा तासांवर ठेवलेला असतो आणि पंप थांबला की हीट पंपही थांबतो.

बॅकवॉश (पाणी उलटं सोडून फिल्टर धुणं) रोजच्या सवयीने करू नका. तीन मिनिटांच्या बॅकवॉशमध्ये हजारभर लिटर कोमट पाणी गटारात जातं. गेजवरचा दाब स्वच्छ फिल्टरच्या दाबापेक्षा ०.५ ते ०.७ बारने वाढला की करा.

सोमवार ते गुरुवार खोल्या रिकाम्या असतील तर पूल पूर्ण गार पडू देऊ नका. कव्हर घालून २४-२५ वर धरा, बुधवारी पुन्हा चढवा.

सोलर, गॅस, आणि छोटा पूल

छतावर जागा असेल तर काचेविना असलेले काळे पॉलिप्रॉपिलिनचे सोलर पॅनल चांगले. ते पूलच्या पृष्ठभागाच्या निम्मे ते तितकेच लागतात. म्हणजे आपल्या पूलला ३६ ते ७२ चौरस मीटर. दक्षिणेकडे तोंड, उतार ३० अंशांच्या आसपास. पॅनल पूलच्या पाण्यापेक्षा ४-५ अंश गरम असेल तेव्हाच पंप चालवणारा कंट्रोलर घ्या, नाहीतर रात्री तेच पॅनल पूल गार करतात.

गॅसचा बॉयलर झटपट तापवतो, पण ९०० युनिटांना १९ किलोचे साधारण साडेचार कमर्शियल सिलिंडर लागतात. मोठ्या पूलला तो रोजचा उपाय नाही.

खर्चाला मर्यादा असेल तर आमचं स्पष्ट मत असं: मोठा पूल अर्धवट तापवण्यापेक्षा मुलांचा छोटा पूल नीट तापवा. ४ बाय ३ मीटर, ४५ सेंटिमीटर खोल पूलमध्ये फक्त ५,४०० लिटर पाणी असतं. १९ वरून ३१ अंशांवर न्यायला ७५ युनिट उष्णता पुरते, १२ किलोवॅटचा छोटा हीट पंप सहा-सात तासांत ते करतो. मात्र उथळ पाणी तितक्याच वेगाने निवतं. १ मिलिमीटर बाष्पीभवनाला इथे सव्वा अंश जातो, त्यामुळे कव्हर लागतंच. शिवाय या पूलचं फिल्टर आणि क्लोरिन वेगळं हवं. कोमट, उथळ पाण्यात लहान मुलं असली की पाणी फार लवकर खराब होतं.

पाहुण्याशी बोलताना

निम्म्या तक्रारी बुकिंगच्या वेळीच टळतात. हीटर नसताना, किंवा तो बंद पडलेला असताना "हीटेड पूल" अशी जाहिरात ठेवणं ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीत मोडू शकतं. जाहिरात त्याच दिवशी बदला. फोनवर आकडा सांगा:

"ताई, मोठा पूल गरम केलेला नाही. सध्या सकाळी पाणी २० डिग्री असतं, दुपारी तीनला २२ पर्यंत जातं. मोठी माणसं दहा-पंधरा मिनिटं पोहतात, मुलांना गारच वाटेल. मुलांचा छोटा पूल मात्र ३१ डिग्रीला असतो, सकाळी ११ ते संध्याकाळी ६. चालेल का तुम्हाला?"

हे ऐकून एखादं बुकिंग जाईल. जे येतील ते भांडणार नाहीत.

पूलपाशी फळा लावा आणि सकाळी ८, दुपारी १, संध्याकाळी ५ चं तापमान खडूने लिहा. थर्मामीटर पाण्याखाली ३०-४० सेंटिमीटर, इनलेटपासून लांब, दोन मिनिटं. नुसता वरचा थर मोजला तर उन्हामुळे फसवा आकडा येतो. तेच आकडे वहीतही ठेवा, बाहेरच्या हवेच्या तापमानासह.

तक्रार आलीच तर रिसेप्शनवर वाद घालू नका. थर्मामीटर घेऊन पाहुण्याबरोबर पूलपर्यंत चला आणि त्याच्यासमोर मोजा. सांगितल्यापेक्षा पाणी गार निघालं तर चूक मान्य करा आणि काय देणार ते तिथेच सांगा: पूलच्या वाट्याचे पैसे परत, किंवा पाहुण्याला हवं असेल तर दुसऱ्या दिवशी उशिरा चेकआउट. पैसे परत करायचा अधिकार ड्युटी मॅनेजरकडे असू द्या. "मालकांना विचारतो" म्हणून पाहुण्याला ओल्या कपड्यांत उभं करू नका.

पाणी २८ असूनही पाहुणा गारच म्हणत असेल, तर त्याचं म्हणणं उडवून लावू नका. पाणी हवेपेक्षा सुमारे २४ पट वेगाने उष्णता वाहून नेतं, म्हणून २४ अंशांची हवा सुखद वाटते आणि २४ अंशांचं पाणी बोचतं. आणि खरी हुडहुडी भरते ती बाहेर आल्यावर, ओल्या अंगाला कोरडा वारा लागला की. त्यामुळे पायऱ्यांजवळच, हाताला येतील असे मोठे कोरडे टॉवेल ठेवा. गरम पाण्याचा शॉवर पूलपासून वीस पावलांच्या आत हवा, जाण्याच्या वाटेवर रबरी मॅट, वाऱ्याला आडोसा. आल्याचा चहा किंवा गवती चहाचा काढा तिथेच मिळू द्या. पूलची वेळ सकाळी सातऐवजी अकरापासून ठेवा.

पाणी २५ च्या खाली असेल तर लहान मुलांना पंधरा मिनिटांनी बाहेर बोलवा. ओठ निळे पडले, दात वाजायला लागले, बोलणं अडखळलं की लगेच बाहेर, कोरडं करून गुंडाळायचं. पाणी २० च्या खाली असेल तर सूर मारायला मनाई. एकदम गार पाण्यात शिरल्यावर श्वास अडकतो, आणि हृदयविकार किंवा रक्तदाब असलेल्यांना ते धोक्याचं आहे. ३१ डिसेंबरच्या रात्री दारू घेतलेल्या कुणालाही पाण्यात उतरू देऊ नका. त्या रात्री पूल बंदच ठेवलेला बरा.

ऑनलाइन आलेल्या वाईट अभिप्रायाला "आपला अनुभव मौल्यवान आहे" छापाचं उत्तर देऊ नका. त्या दिवशीचा वहीतला आकडा सांगा, काय बिघडलं होतं ते सांगा आणि आता काय केलंय ते लिहा: "तुम्ही आलात त्या दिवशी दुपारी पाणी २१ अंश होतं. हीट पंप दोन दिवस बंद होता, हे तुम्हाला आधी सांगायला हवं होतं. मशीन दुरुस्त झालंय, रात्री कव्हर घालतो, आणि रोजचं तापमान आता बुकिंगच्या मेसेजमध्ये कळवतो." पुढचा पाहुणा बुकिंग करण्याआधी हेच वाचतो, म्हणून यातलं जे केलेलं नसेल ते लिहू नका.